गळकी पाइपलाइन, मुदतीआधी मोडायची एफडी आणि पुनर्विकासाची वाट

प्रश्न : ठाण्यातील १९९६ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची टू बीएचके सदनिका आहे. आमच्या न्हाणीघराखाली राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली असून ती आता तिथल्या दिव्यापर्यंत पोचली आहे. नेहमीचा प्लंबर फरशी फोडून गळका सांधा ९,००० रुपयांत बदलून देतो म्हणतो, तर एका ठेकेदाराने दोन्ही न्हाणीघरांचे पाइप, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स मिळून २,३५,००० रुपये सांगितले आहेत. आमची ३,५०,००० रुपयांची दोन वर्षांची एफडी ७.१ टक्क्यांनी ठेवलेली असून ती आठ महिन्यांनी पूर्ण होईल. ती मोडावी, मुलीच्या शिक्षणासाठीची दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी थांबवावी, की क्रेडिट कार्डावर २४ हप्ते करून घ्यावेत? एसआयपी वजा जाता महिन्याला १२,००० रुपये शिल्लक राहतात. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे आणि सुसाध्यता अहवाल मागवला आहे.

उत्तर : पैशांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आजच करा. ओल दिव्यापर्यंत पोचली असेल, तर शेजाऱ्यांना त्या न्हाणीघराचा एमसीबी (मीटरपेटीतला विजेचा खटका) बंद ठेवायला सांगा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. दरांची तुलना करत बसण्याची ही बाब नव्हे.

तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत, परंतु पाणी नेमके कुठून गळते हे त्यात कुठेही नाही. नळाकडे येणारी लाइन गळते आहे, की नहाणी ट्रॅप (फरशीतून सांडपाणी बाहेर नेणारा जाळीखालचा भाग) आणि फरशीचे सांधे झिरपत आहेत, यावर खर्च अवलंबून असतो. माझ्या स्वतःच्या घरी हा शोध न घेता मी दोनदा टाइल्स फोडून घेतल्या होत्या. शेवटी दोष नहाणी ट्रॅपच्या सांध्यात निघाला. पुरवठ्याच्या लाइनमध्ये सतत दाब असतो, त्यामुळे कोणी आंघोळ करो वा न करो, ती गळत असेल तर ओल कायम राहते. घरात येणारा मुख्य व्हॉल्व्ह दोन रात्री बंद ठेवा आणि खालच्या छताची ठिबक कमी होते का, ते शेजाऱ्यांना पाहायला सांगा. ठिबक कमी झाली, तर दोष पुरवठ्याच्या लाइनचा असण्याची शक्यता अधिक. फरक पडला नाही, तर नहाणी ट्रॅपचे तोंड फडक्याने घट्ट बंद करून फरशीवर इंच-दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवा. ओल वाढली, तर फरशी किंवा ट्रॅप झिरपतो असे समजा. त्यानंतर लाइनची प्रेशर टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन गळती तपासण्याची चाचणी, करून घ्या, मात्र ज्याला पुढे काम मिळणार नाही अशा प्लंबरकडून. त्याला द्याव्या लागणाऱ्या हजार-दोन हजारांत चुकीच्या जागी होणारी फोडाफोड वाचते.

डक्टमधील (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतील) सामाईक उभी लाइन गळत असेल, तर तो खर्च तुमचा नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक जलवाहिनी आणि सांडपाण्याच्या वाहिनीची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. शौचालय, सिंक वगैरेंमुळे सदनिकेच्या आत होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणून सचिवांना लेखी पत्र देऊन डक्टची पाहणी आधी करून घ्या.

लाइनच गळत असेल असे धरून पुढे जातो, कारण १९९६ सालच्या इमारतीत भिंतीआड बहुधा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी, पाइप असतात आणि सकाळच्या पहिल्या पाण्यात तांबूस रंग दिसत असेल, तर आतून गंज धरल्याची ती खूण आहे. जीआय पाइपला चुडी (आटे) पाडताना तिथला जस्ताचा थर निघून जातो, त्यामुळे गंज आधी सांध्यांत शिरतो. ९,००० रुपयांत एक सांधा बदलला, तरी शेजारचे सांधे तितकेच जुने आहेत. पान्याचा जोर लागला की दोन हातांवरचा सांधा गळू लागतो, हे कोणताही जुना प्लंबर खासगीत कबूल करील. त्यामुळे ९,००० रुपयांचा पर्याय मला स्वस्त वाटत नाही. तो एका खर्चाचा पहिला हप्ता आहे.

तरीही २,३५,००० रुपयांचे काम मी आज करणार नाही, आणि याचे कारण पुनर्विकास हे आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ अन्वये पुनर्विकासासाठी घालून दिलेली प्रक्रिया पाहा : सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागार, निविदा, विकासकाची निवड, करारनामा आणि मग महापालिकेच्या परवानग्या. तुमची सोसायटी अजून सुसाध्यता अहवालापाशी आहे. घर रिकामे करायला माझ्या अंदाजाने किमान तीन वर्षे लागतील. त्याहून लांबणेही शक्य आहे. निम्म्याहून अधिक सभासदांची संमती मिळूनही सोसायट्या वर्षानुवर्षे अडकून पडतात. अशा स्थितीत नव्या टाइल्सवर लाखभर रुपये घालणे म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

तिसरा पर्याय तुमच्या पत्रात नाही, तो मात्र प्लंबरांच्या नित्याच्या कामातला आहे. जुनी लाइन मुख्य व्हॉल्व्हपाशी तोडून, बूच लावून तशीच बंद करायची आणि सीपीव्हीसीची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची) नवी लाइन भिंतीवरून उघडी फिरवायची. गीझरपासूनच्या गरम पाण्यालाही सीपीव्हीसी चालते. साधी यूपीव्हीसी तिथे लावू देऊ नका. दिसायला हे देखणे नाही, परंतु फरशी फोडावी लागत नाही. दोन न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर धरून ४५,००० रुपये गृहीत धरा, मात्र तीन लेखी दरपत्रके घेऊन हा आकडा पडताळून पाहा. दोष नहाणी ट्रॅपमध्ये निघाला, तर या पर्यायाने काही साधणार नाही. तेव्हा फक्त त्या एका न्हाणीघराच्या फरशीचे आणि वॉटरप्रूफिंगचे दरपत्रक मागवा.

आता हे ४५,००० रुपये कुठून आणायचे? एफडी मोडली, तर बँक १६ महिन्यांच्या मुदतीचा दर लावून त्यातून दंड कापते. तो दर ६.६ टक्के आणि दंड १ टक्का धरला, तर ७.१ ऐवजी ५.६ टक्के मिळतात, म्हणजे साडेतीन लाखांवर १६ महिन्यांचे सुमारे ७,००० रुपये जातात. त्याऐवजी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून हवे तेवढेच उचलायचे कर्ज, घ्या. व्याज साधारणपणे ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त असते. ८.१ टक्क्यांनी ४५,००० रुपये उचलून दरमहा ११,२५० रुपयांप्रमाणे चार महिन्यांत फेडले, तर सारे व्याज ७६० रुपयांच्या आसपास येते. तुमच्या १२,००० रुपयांत हा हप्ता बसतो आणि एसआयपीला हात लावावा लागत नाही.

क्रेडिट कार्डाचा हिशेब मुद्दाम मांडतो, कारण ‘सोपे हप्ते’ या शब्दांची भुरळ मोठी आहे. २,३५,००० रुपये १५ टक्क्यांनी २४ महिन्यांत फेडायचे, तर सुमारे ३८,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४५,००० रुपयांहून थोडे अधिक. जेवढ्यात नवी लाइन होते, तेवढे निव्वळ व्याज आणि जीएसटीतच जातील. प्रक्रिया शुल्क वेगळेच.

विमा पुढे घ्यायचा असल्यास ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पाइप फुटून होणाऱ्या नुकसानीचा समावेश आहे. मात्र आधीपासून चालू असलेल्या गळतीला नंतर घेतलेली पॉलिसी उपयोगी पडत नाही.

ठिबकणाऱ्या नळाचा वायसर, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमधला गाळ, सतत वाहणारा फ्लश ही कामे मात्र घरी करण्याजोगी आहेत. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता तो अर्ध्या तासात कमोडमध्ये उतरला, तर तळाचा रबर झिजला आहे. त्यासाठी प्लंबरच्या फेरीचे पैसे देऊ नका.

शेजाऱ्यांच्या छताचा रंग या ४५,००० रुपयांत धरलेला नाही. तो तुम्हीच करून द्यायचा आहे हे त्यांना आत्ताच सांगा, पण लगेच लावू नका. गळती थांबल्यावरही स्लॅब वाळायला काही आठवडे जातात आणि ओल्या स्लॅबवरचा रंग पुन्हा पोपडे धरतो. ओव्हरड्राफ्ट चार महिन्यांत फिटल्यावर पाचव्या महिन्याच्या शिलकीतून तो खर्च सहज निघेल.