हेवीवेटमध्ये सगळ्यांना कोण भारी पडेल: फ्युरी, जोशुआ, डुब्वा की उसिक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळच्या तुमच्या जिममध्ये बॉक्सिंगवरून चार मित्रांची पैज लागली आहे. एक म्हणतो टायसन फ्युरी, कारण उंची आणि वजन. दुसऱ्याला अँथनी जोशुआची शरीरयष्टी पुरेशी वाटते. तिसऱ्याच्या मते डॅनियल डुब्वाचा ठोसा बसला की विषय संपला. चौथ्याने ओलेक्सांद्र उसिकचं नाव घेतलं, तर ‘तो छोटा पडतो’ म्हणून त्याला गप्प बसवलं. आणि शेवटी तुमची ओळ, “सांगा भाऊ, कोन जिकी?”

चौथ्याचं बरोबर आहे. उसिक या तिघांशी प्रत्येकी दोनदा लढला आणि सहाही लढती जिंकला. म्हणजे पैज तशी निकालात निघालेलीच आहे. पण तो का जिंकला हे समजून घेतल्याशिवाय तुमचा वाद मिटायचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ही चर्चा वजनावरून सुरू होते, यात नवल नाही. धुळे-जळगावकडच्या यात्रांमधल्या कुस्तीच्या दंगली ज्याने पाहिल्यात, त्याला ठाऊक असतं की अंगावर आलेलं वीस किलो जास्तीचं वजन काय करतं. कुस्तीत पकड असते, त्यामुळे वजन सतत कामाला येतं. बॉक्सिंगमध्ये धरून मारता येत नाही. तिथे अंगावर टाकायचा भार म्हणून वजन कामाला येतं ते क्लिंचमध्ये, दोघे एकमेकांना बिलगतात तेव्हा. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीने डिऑन्टे वाइल्डरला असंच संपवलं. वजन जवळपास १२४ किलो. प्रत्येक क्लिंचमध्ये वाइल्डरच्या मानेवर भार टाकायचा, त्याला वाकवायचं, पाय दमवायचे. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या माणसांनी हार मानली. या डावासाठी समोरचा माणूस सरळ समोर उभा राहायला हवा. वाइल्डर उभा राहिला. उसिक राहत नाही.

वजनाची दुसरी बाजूही बघा. तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या म्हणजे ३६ मिनिटं ते सगळं किलो तुम्हालाच पायांवर वाहायचं असतं. हेवीवेट गट २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोच्या वर सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादाच नाही. मे २०२४ च्या पहिल्या लढतीत उसिक १०१ किलोच्या आसपास होता, फ्युरी ११९ च्या. डिसेंबरच्या दुसऱ्या लढतीला फ्युरी १२७ किलोंवर गेला, उसिक १०२ च्या वर थोडा. फरक २५ किलोंचा झाला आणि निकाल पहिल्यापेक्षा जास्त स्वच्छ लागला: तिन्ही पंचांनी ११६-११२ असेच गुण उसिकला दिले.

आता मूळ गोष्ट, ती पायात आहे. उसिक डावखुरा, म्हणजे साउथपॉ. उजवा पाय आणि उजवा हात पुढे, डावा मागे. फ्युरी, जोशुआ, डुब्वा हे तिघे मुख्यतः डावा पाय पुढे ठेवून लढतात. (फ्युरी अधूनमधून बाजू बदलतो, पण त्याचा भरवसा डाव्या जॅबवरच, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशावरच असतो.) दोघे असे समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि कोणाचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो यावर बरंच काही ठरतं.

हे वाचून कळणार नाही, करून बघा. घरात शहाबादी फरशी असेल तर रेघ मारायचीही गरज नाही. फरशीच्या एका सरळ सांध्यावर तुमचा डावा पाय ठेवा, उजवा पाय मागे, दीडेक फुटावर. मित्राला समोर उजवा पाय पुढे ठेवून उभं करा, त्याचं पाऊल तुमच्या डाव्या पावलाच्या आतल्या बाजूला. आता उजवी मूठ हळूच सरळ पुढे न्या. ती थेट त्याच्या हनुवटीवर जाते. मग मित्राला त्याचा उजवा पाय उचलून तुमच्या डाव्या पावलाच्या बाहेर, वीतभर अंतरावर ठेवायला सांगा. पुन्हा उजवी मूठ न्या. ती त्याच्या खांद्याजवळ जाते किंवा हुकते, कारण हनुवटी त्या रेषेतून सरकली. त्याचा डावा हात मात्र तुमच्या दोन्ही हातांच्या मधून सरळ नाकावर येतो. तुम्हाला मारायचं असेल तर आधी वळावं लागेल, वळायला पाय उचलावा लागेल, आणि पाय हवेत असताना ठोशात जोर नसतो.

उसिक हे एका फेरीत अनेकदा करतो, आणि करताना उजव्या हाताने समोरच्याचा डावा ग्लोव्ह सारखा दाबत, टपल्या मारत राहतो, म्हणजे जॅब निघायलाच उशीर होतो. एक जॅब दाखवायचा, दुसरा मारायचा, बाहेर पाऊल, डावा सरळ, आणि समोरचा वळेपर्यंत तिथून निघून जायचं. उंच माणसाला वळायला जास्त वेळ लागतो आणि प्रत्येक वळणाला दम खर्च होतो. त्यामुळे उसिकच्या लढती आठव्या फेरीनंतर त्याच्या बाजूला झुकतात. पहिल्या चार फेऱ्या बघून ‘फ्युरी खेळवतोय’ म्हणणाऱ्यांची तिथेच फसगत होते.

फ्युरीशी झालेली पहिली लढत तर गुणांच्या हिशोबासाठी सुद्धा बघण्यासारखी आहे. चौथ्या ते सातव्या फेरीपर्यंत फ्युरी पुढे होता. खालून येणारा अपरकट आणि पोटातले ठोसे उसिकला लागत होते. आठव्या फेरीपासून उसिकचा डावा हात बसू लागला. नवव्यात फ्युरी दोरांवर अक्षरशः लडबडत होता आणि रेफ्रीने उभ्या माणसाला काउंट दिला, म्हणजे तो पडला असं धरून आकडे मोजले. एरवी फेरी जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ९ गुण मिळतात; नॉकडाउन धरल्यामुळे ती फेरी १०-९ ऐवजी १०-८ झाली. अंतिम गुण: उसिककडे ११५-११२ आणि ११४-११३, फ्युरीकडे ११४-११३. आता तो एक गुण फ्युरीला परत देऊन बघा. ११५-११३ उसिक, ११४-११४, आणि ११५-११३ फ्युरी. लढत बरोबरीत सुटली असती. त्यामुळे तुमच्या फ्युरीवाल्या मित्राला कोणी वेड्यात काढू नये. पूर्ण तयारीतला फ्युरी हाच उसिकला सर्वात जवळ गेलेला माणूस आहे. मला विचाराल तर २०२० चा फ्युरीसुद्धा उसिककडून हरला असता, फार तर दोन गुणांनी.

जोशुआचं लवकर आटोपतो. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनला तो उसिकशी लांबून बॉक्सिंग करायला गेला आणि तिन्ही पंचांकडे हरला. ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दाहला त्याने योग्य बदल केला, पोटात मारलं, एका पंचाने त्याला ११५-११३ दिलेही. नववी फेरी त्याने चांगली काढली, पण दहाव्यात उसिकने असा वेग लावला की जोशुआकडे उत्तर नव्हतं. जोशुआची खरी अडचण आणखी वेगळी आहे: समोरचा ठोशाने हलला की तो संपवण्याच्या नादात गार्ड, म्हणजे तोंडापुढचे हात, सोडतो. जून २०१९ मध्ये अँडी रुइझला त्याने तिसऱ्या फेरीत पाडलं आणि त्याच फेरीत स्वतः पडला. सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्ब्लीला डुब्वा पाचव्या फेरीत गडबडला असताना जोशुआने उजवा अपरकट सोडला, हात खाली गेला आणि डुब्वाच्या उजव्या हाताने लढत तिथेच संपवली.

डुब्वाचा ठोसा खरोखर जड आहे, यात वाद नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफला पाचव्या फेरीत त्याचा एक ठोसा उसिकच्या पट्ट्याच्या रेषेवर बसला. रेफ्रीने तो पट्ट्याखालचा, म्हणजे नियमाबाहेरचा धरला, उसिकला सावरायला वेळ मिळाला, आणि तो ठोसा नियमात होता की नव्हता हा वाद अजून चालू आहे. उसिकने ती लढत नवव्या फेरीत संपवली. जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीला तेवढीही वाट बघितली नाही: पाचव्या फेरीत डुब्वा दोनदा खाली, शेवटचा ठोसा उसिकच्या डाव्या हाताचा.

तुमच्या प्रश्नात एक हिशोब होता, तो मात्र सोडून द्या: ‘अमुकने तमुकला हरवलं, तमुकने त्याला हरवलं, म्हणजे अमुक सगळ्यांत मोठा.’ बॉक्सिंगमध्ये ही साखळी तुटते. सप्टेंबर २०२२ मध्ये जो जॉयसने जोसेफ पार्करला नॉकआउट केलं. २०२३ मध्ये झांग झिलेईने त्याच जॉयसला दोनदा थांबवलं. मार्च २०२४ मध्ये पार्करने झांगला गुणांवर हरवलं, तेही दोनदा खाली पडून उठल्यावर. तिघे गोल फिरले. कारण सरळ आहे. जॉयस डोकं हलवत नव्हता, डावखुऱ्या झांगचा सरळ डावा हात त्याच्या उजव्या डोळ्यावर बसत गेला आणि पहिल्या लढतीत डोळा सुजून बंद झाला. झांगला दम कमी, पार्कर उठून चालत राहिला आणि उत्तरार्ध घेऊन गेला. पार्करचा वेग मात्र जॉयसच्या न थांबणाऱ्या चालीपुढे संपला होता. जुन्या काळात फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं, फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत उडवलं, आणि १९७४ मध्ये किन्शासाला अलीने फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं. म्हणून कोण कोणापेक्षा मोठा हे न विचारता कोणाची शैली कोणाला अडते हे विचारा.

त्या हिशोबाने उरलेल्या जोड्या: फ्युरी विरुद्ध जोशुआ असेल तर फ्युरी. हातांची पोहोच २१६ सेंटिमीटर विरुद्ध २०८, आणि हुलकावण्यांपुढे जोशुआ थिजतो. फ्युरी विरुद्ध डुब्वा असेल तर पहिल्या चार फेऱ्या धोक्याच्या, पुढे फ्युरी गुणांवर. वाइल्डर उमेदीत असता तर यातल्या कोणालाही एका उजव्या हाताने झोपवू शकला असता, पण बारा फेऱ्यांत तो एक हात लागेल यावर मी पैज लावणार नाही.

मग उसिकला कोण अडवेल? पहिलं नाव अगित कबायेल. जर्मनीचा हा माणूस पोटावर काम करतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने झांगला सहाव्या फेरीत पोटातल्या ठोशांनीच बसवलं. उसिकला त्रास झाला आहे तो बहुतेक वेळा पोटातच, जोशुआकडून, फ्युरीकडून आणि डुब्वाकडूनही. फक्त कबायेलला जवळ जाईपर्यंत पायांची तीच परीक्षा द्यावी लागेल. दुसरं नाव मोझेस इटाउमा, डिसेंबर २००४ चा जन्म, स्वतः डावखुरा. दोन डावखुरे समोर आले की वर फरशीवर सांगितलेला बाहेरच्या पायाचा फायदा उरतच नाही, उसिकचं अर्धं हत्यार म्यान होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये इटाउमाने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत संपवलं. पण तोवर त्याची एकही लढत सहा फेऱ्यांच्या पुढे गेली नव्हती, आणि उसिकची लढत सहाव्यानंतर सुरू होते. तिसरी गोष्ट वय. जानेवारी १९८७ चा जन्म म्हणजे चाळिशी आली. पाय अर्धा क्षण उशिरा पडू लागला की बाकीचं सगळं कोसळतं, कारण त्याच्या खेळाचा पाया तोच आहे.

पैज मिटवायला चौघांनी मिळून फ्युरी-उसिकची पहिली लढत पुन्हा बघा, पण आवाज बंद करून. समालोचक ज्याचं नाव जास्त घेतो तो जिंकतोय असं वाटू लागतं. चौघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण लिहायचे, फेरी संपताच, एकमेकांना न दाखवता. जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९, नॉकडाउन असेल तर ८. ग्लोव्हवर किंवा दंडावर अडलेला ठोसा मोजायचा नाही, कितीही मोठा आवाज आला तरी. फेरीच्या शेवटच्या वीस सेकंदांवर भुलू नका, तीन मिनिटांतलं सगळं धरा. बरोबरीची वाटणारी फेरीसुद्धा कोणाला तरी द्या, नाहीतर शेवटी चौघांचे कागद जुळणारच नाहीत. चौथी ते सातवी फेरी तुम्ही कोणाला दिलीत ते मला इथे खाली लिहा, कारण खरा मतभेद त्याच चार फेऱ्यांत निघेल.