चुडा: भरायचा की घालायचा, आणि नेमका कोणता?

फोंड्याहून एका वाचक बाईंची विचारणा आली आहे. त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं आहे. मेकअपवालीने पाठवलेल्या यादीत शालू नेसवणे, केशरचना, नथ यांच्याबरोबर 'चुडा' असंही लिहिलं होतं. घरच्यांनी तो आपलाच हिरवा चुडा समजून होकार दिला आणि नमुन्याचे फोटो आले ते लाल-पांढऱ्या पंजाबी चुड्याचे. त्यावरून घरात दोन तट पडले. आजी म्हणते, चुडा हिरवाच, बाकी सगळी सोंगं. भाची म्हणते, हा शब्दच मुळात पंजाबी. आपल्याकडे असतात त्या नुसत्या बांगड्या. तर बरोबर कोण? शिवाय चुडा 'घालतात' की 'भरतात', आणि पत्रिकेत त्या कार्यक्रमाला काय म्हणायचं?

भाचीचं साफ चुकलं आहे आणि आजीचं निम्मं बरोबर आहे.

'चुडा' आपण पंजाबकडून घेतलेला नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने 'देशीनाममाला' रचली. संस्कृतातून सरळ व्युत्पत्ती लागत नाही अशा प्राकृत शब्दांचा तो कोश. त्यात 'चूडो' आहे आणि अर्थ दिला आहे 'वलयावली', म्हणजे बांगड्यांची ओळ. संस्कृतातही 'चूडा' आहे, पण तिथे त्याचा मुख्य अर्थ शेंडी किंवा तुरा. चूडामणी आणि चूडाकर्म त्यातूनच आले. काही संस्कृत कोशांत हातातला एक दागिना असाही अर्थ नोंदलेला सापडतो. डोक्यावरची शेंडी मनगटावर कशी उतरली याच्या सुरस कथा रचता येतील, पण माझा कल हेमचंद्राकडे आहे. त्याने शब्द देशी म्हणून नोंदवला, आपणही तसाच घ्यावा. त्या प्राकृत शब्दाची लेकरं पंजाबीत, सिंधीत, गुजरातीत, राजस्थानीत, हिंदीत, मराठीत आणि कोकणीत आहेत. सगळी सख्खी भावंडं. त्यांतल्या एकानेच वडिलोपार्जित घरावर हक्क सांगावा, असं काही नाही.

हेमचंद्राच्या 'ओळ' या अर्थाकडे पुन्हा पाहा, कारण मराठी वापराची किल्ली त्यातच आहे. चुडा म्हणजे एक बांगडी नव्हे. मनगटापासून वर चढत जाणारा अख्खा संच तो चुडा. 'माझा एक चुडा फुटला' असं कुणी म्हणत नाही. फुटते ती बांगडी. हिंदीने हा भेद एकाच शब्दाच्या दोन रूपांत सांभाळला आहे: चूडी म्हणजे एक, चूडा म्हणजे संच. मराठीने एकीसाठी 'बांगडी' घेतली. कोकणीने 'कांकण' ठेवलं, आणि ते बरंच केलं म्हणायचं, कारण गोव्यात बांगडा म्हटलं की हात ताटाकडे जातो. मराठीत काकण मागे पडलं असलं तरी गेलेलं नाही. 'हातच्या काकणाला आरसा कशाला' आपण आजही म्हणतो, आणि एखादी वस्तू दुसरीपेक्षा 'काकणभर सरस' असते. शिवाय लग्नात वधूवरांच्या हाताला हळकुंड ओवून बांधतात ते सुताचं कंकण वेगळंच. ते बांधतात आणि सोडतात. त्याला कुणी चुडा म्हणणार नाही.

जुन्या मराठीत चुड्याचं वजन दागिन्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. जुन्या पत्रांत सवाष्ण बाईला उद्देशून मायना असे 'वज्रचुडेमंडित'. जिचा चुडा वज्रासारखा, कधी न फुटणारा आहे ती. नवऱ्याचे प्राण वाचवण्याची विनवणी म्हणजे 'चुडेदान' मागणं. आणि जात्यावरच्या ओव्यांत तर चुडा म्हणजे थेट नवराच. तिथे बाई देवाजवळ चुड्याला आयुष्य मागते ते काचेसाठी नव्हे. कुंकवाचंही तसंच झालं, पण कुंकवाचा हा अर्थ सगळ्यांच्या तोंडी राहिला आणि चुड्याचा ओव्यांतच अडकून पडला.

आता घालणे की भरणे. इथे माझं मत ठाम आहे: चुडा भरतात. नथ घालतात, मंगळसूत्र घालतात, जोडवीसुद्धा घालतात. सोन्याच्या पाटल्या, बिलवर, तोडे, गोठ हेही घालतात. काचेची बांगडी मात्र भरतात. कारण अगदी व्यवहाराचं आहे. सोन्याच्या दागिन्याला फिरकी असते किंवा तो सैल असतो. काचेची बांगडी मनगटावर नीट बसायची तर ती हाताच्या पंजापेक्षा लहानच हवी. ती एकटीने चढत नाही. समोर कासार बसतो, अंगठ्याचा उंचवटा आत दाबून पंजा निमुळता करतो आणि एकेक बांगडी सरकवत नेतो. म्हणून वाक्य होतं 'कासाराने बांगड्या भरल्या' किंवा 'मी बांगड्या भरून घेतल्या'. काम दुसऱ्याचं, हात आपला. आज धातूच्या किंवा मखमल लावलेल्या हिरव्या बांगड्या आरशासमोर उभं राहून स्वतःच चढवता येतात, त्यामुळे मुली 'घातल्या' म्हणतात. त्या बांगड्यांपुरतं ते बरोबरही आहे. पण लग्नाचा काचेचा चुडा 'घातला' असं वाचलं की मला ठेच लागते.

दुसरं कारण अर्थाचं. 'भरणे' हे क्रियापद सौभाग्याच्या बाबतीत एकटं येत नाही. ओटी भरतात, मळवट भरतात, चुडा भरतात. रिकामा हात हाच अशुभ मानला, मग भरणे हेच शुभ ठरलं. (याच क्रियापदाने 'हातात बांगड्या भरल्या आहेत का?' असा बायकांवर उगाच घसरणारा वाक्प्रचारही तयार केला. तो मोडीत निघाला तर मला वाईट वाटणार नाही.)

बांगड्या भरणाऱ्याचं नावही पाहण्यासारखं आहे. मराठीत 'कासार', मुळात कांस्यकार, म्हणजे काशाचं काम करणारा. ओव्यांत तो 'वैराळ' म्हणूनही भेटतो. गोव्यात तो 'कांकणकार'. कांकणं भरणारा म्हणून कांकणकार, इतकं सरळ.

माप सांगतानाही थोडं सावध राहा, कारण नेमक्या लग्नाच्या घाईत इथे गफलत होते. दुकानदार 'दोन-चार', 'दोन-सहा', 'दोन-आठ' म्हणतो आणि ऑनलाइन दुकानात ते 2.4, 2.6, 2.8 असं छापलेलं असतं. हे दशांश नव्हेत. दोन इंच आणि वर इंचाचे तितके सोळावे भाग, असा तो आतला व्यास आहे. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच इंच. त्यामुळे 2.10 हे माप 2.8 पेक्षा मोठं असतं, लहान नव्हे. शाळेत गणित चांगलं असलेली मंडळीच इथे हमखास फसतात. माप कोणतंही असो, आपल्याकडे भरल्या जाणाऱ्या काचेच्या बांगड्यांचं मोठं माहेर एकच: उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद.

भरताना एखादी तडकलीच तर 'फुटली' म्हणायचं नाही. 'वाढली' म्हणायचं, फार तर 'पिचली'. मंगळसूत्राची दोरी तुटली तरी ते 'वाढवलं'. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळसुद्धा पूजेत फोडत नाहीत, वाढवतात. न बोलावं ते उलट्या शब्दाने बोलण्यात मराठी जितकी तरबेज, तितकी ती दुसऱ्या कशात असेल असं मला वाटत नाही.

आता गोव्याकडे वळू, कारण आजीच्या 'हिरवाच' या हट्टाला खरं उत्तर इथेच मिळतं. गोव्यात 'चुडो' ही फक्त हिंदूंची गोष्ट नाही. ख्रिस्ती घरांतही लग्नाआधी चुड्याचा वेगळा सोहळा असतो आणि त्याचं नाव 'चुडो' हेच. परंपरेने तो वधूच्या मामाच्या घरी होतो. कांकणकार येतो आणि दोन्ही हातांत बांगड्या भरतो. त्यांत हिरव्याबरोबर पिवळ्या आणि लालसर तपकिरी बांगड्याही असतात. म्हणजे पारंपरिक, अस्सल गोमंतकीय, आणि तरी निव्वळ हिरवा नाही. चर्चमध्ये मग पांढरा झगा आणि डोक्यावर जाळीदार ओढणी अशा युरोपीय वेशातली वधू उभी राहते, आणि लेसच्या बाहीखाली काचेचा चुडो किणकिणत असतो. लाल वेशालाही तिथे मान आहे. त्याला 'साडो' म्हणतात, आणि तो शिवायला घेण्याचाही सोहळा असतो.

हे टिकलं कसं, याचं मला फार कौतुक वाटतं. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक लांबलचक फर्मान काढलं होतं. धर्मांतरित ख्रिस्त्यांनी लग्नात हळद लावू नये, विड्याची पानं वाटू नयेत इथपासून ते पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये इथपर्यंत बारीकसारीक बंदी त्यात होती. इतक्या धाकातूनही चुडो शब्दासकट आणि कांकणकारासकट उरला. त्याबरोबर वैधव्याची कडक बाजूही उरली होती: नवरा गेला तर बायकोने त्याच्या शवपेटीवर बांगड्या फोडायच्या, असा जुना रिवाज होता. वज्रचुडेमंडित लिहिणाऱ्या मराठी कारकुनाला हा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसता.

मामावरूनच पंजाबी चुड्याकडे जाता येतं. तिथेही चुडा देण्याचा मान मामा-मामींचा. बांगड्या पाणी घातलेल्या दुधात बुडवून काढतात, आणि वधूच्या नजरेला तो आधी पडू नये म्हणून झाकून ठेवतात. पूर्वी हा चुडा हस्तिदंताचा असे; पांढरा रंग हस्तिदंताचा आणि लाल रंग चढवलेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद पाडला, आणि आता मिळतो तो प्लास्टिकचा किंवा अॅक्रिलिकचा. तो निदान चाळीस दिवस, कित्येक घरांत वर्षभरही हातात ठेवतात. त्याला खाली लोंबणारे छत्रीसारखे दागिने म्हणजे कलीरे. आपल्याकडे मामाकडची पिवळी साडी नेसून वधू गौरीहराला बसते. साडी असो की चुडा, वधूला द्यायची मानाची वस्तू घेऊन उभा असतो तो मामाच.

एवढं सगळं असताना एकट्या 'चुडा' शब्दाने घोटाळा का व्हावा? कारण नवरीच्या सजावटीचा धंदा आता साऱ्या देशाचा एकच झाला आहे. मेकअप शिकवणारे व्हिडिओ हिंदीत, मालिकांतली लग्नं पंजाबी वळणाची, आणि दागिने भाड्याने देणाऱ्यांची यादी पणजीत आणि लुधियान्यात जवळजवळ सारखीच. त्या यादीत 'चूडा' म्हटलं की लाल-पांढरा, हे गृहीतच असतं. हिरव्याला मग 'महाराष्ट्रीयन चुडा सेट' असं विशेषण लागतं. घरच्या माणसालाच दारात ओळखपत्र विचारावं, तसं. ते मला खटकतं. मराठी बोलताना विशेषण लागायचंच तर ते पाहुण्याला लागावं: आपला तो चुडा, तो पंजाबी चुडा. हिरव्या काचेवर कलीरे लटकवून फोटो काढणाऱ्या मुलींबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. चुडा एकाच रंगाचा असला पाहिजे, हे गोव्याने तरी कधीच मानलं नाही.

कानाने ओळखायची एक सोपी खूणही आहे. मराठी चुड्यातला 'च' चूल आणि चुना यांतला, दातांजवळचा. पंजाबीतला 'च' चहा आणि चिमणी यांतला, आणि पुढचा 'ड' जीभ वळवून उच्चारलेला, आपल्या 'घोडा'सारखा. मेकअपवाली चहातला 'च' काढत असेल, तर होकार देण्याआधी फोटो मागवून घ्या.

लिहिताना 'चुडा' ऱ्हस्व, कारण मराठी शब्दात शेवटचं अक्षर आकारान्त असलं की त्याआधीचा उकार ऱ्हस्व होतो. 'चूडामणी' तत्सम, म्हणून दीर्घच राहतो. आणि 'चूड' हा स्त्रीलिंगी शब्द दीर्घ, तो अकारान्त असल्यामुळे. ही चूड म्हणजे कोकण-गोव्यातली पेटवलेल्या झावळ्यांची मशाल. हिच्यापायीच 'घराला चूड लावणे' असं म्हणतात. पत्रिकेत 'चूड समारंभ' असं छापून आलं तर काय अर्थ होईल ते सांगायला नको.

पत्रिकेत 'चुडा समारंभ' चुकीचं नाही, पण थोडं सरकारी वाटतं. 'बांगड्या भरणे' साधं आहे, मात्र ते श्रावणातही होतं, लग्नाचा रंग त्याला येत नाही. मी असतो तर एका ओळीत 'चुडा भरणे' एवढंच छापलं असतं, खाली वार आणि वेळ. गोव्यातले कोकणी बोलणारे पाहुणे ते 'चुडो भरप' असं वाचतील, आणि त्यांना तो कार्यक्रम काय असतो ते समजावून सांगावं लागणार नाही. मेकअपवालीच्या यादीत मात्र 'हिरवा, काचेचा, दोन-सहा' असं स्पष्ट लिहून पाठवा.