नैरोबीत दोन-तीन दिवस मिळाले तर कुठे राहावं, काय पाहावं?

राहायला वेस्टलँड्स किंवा त्याला लागून असलेलं पार्कलँड्स बघा. पार्कलँड्समध्ये गुजराती वस्ती जुनी आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होत नाहीत. संध्याकाळनंतर पायी फिरू नका, ॲपवरून टॅक्सी मागवा.

एक सकाळ मात्र नैरोबी नॅशनल पार्कसाठी राखून ठेवाच. १९४६ साली स्थापन झालेलं हे ११७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य शहराला अगदी खेटून आहे. समोर गवतात गेंडा चरतोय आणि त्याच्या मागे उंच इमारतींची रांग, असं दृश्य दुसऱ्या राजधानीत क्वचितच दिसेल. उजाडताच आत शिरा. ऊन चढलं की सिंह झुडपात जाऊन पडतात. या उद्यानात मोकळे हत्ती नाहीत. पण शेल्ड्रिक ट्रस्ट या वन्यजीव संस्थेच्या अनाथालयात हत्तींची पोरकी पिल्लं बाटलीनं दूध पिताना दिसतात. सकाळी तासभरच प्रवेश असतो, तेव्हा नोंदणी आधीच करा. तिथून लांगाटाचं जिराफ केंद्र जवळ आहे.

उरलेला वेळ शहरातल्याच करुरा जंगलात चाला.

शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, जुलै-ऑगस्टमध्ये स्वेटर लागतोच. आणि बॅगेतल्या प्लास्टिकच्या पिशव्या घरीच काढून ठेवा. केनियात २०१७ पासून त्यांवर कडक बंदी आहे.