सहा वार, सात वार आणि भुईवरची धार

प्रश्न : घानातल्या अकान लोकांचं कालचक्र ४२ दिवसांचं कसं? आणि पितरांना पेय देतात ते कोणत्या क्रमानं?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : त्यांच्याकडं सात वारांसोबत सहा दिवसांचा आठवडाही चालतो : फो, न्वोना, न्क्यी, कुरू, क्वा, मोनो. दोन्हींतल्या वारांची तीच जोडी ४२ दिवसांनी परत येते. आपली सोमवती जशी वार-तिथीच्या मेळानं ठरते, तसंच. कुरू रविवारी आला की अक्वासिदाए, म्हणजे पितरांच्या स्मरणाचा दिवस. त्यानंतर असेच खास दिवस : १५ दिवसांनी फोद्वो (सोमवार), २४ दिवसांनी अवुकुदाए (बुधवार), ३३ दिवसांनी फोफिए (शुक्रवार). पहिला दिवस ‘एक’ धरून ४२ वर थांबलात, तर शनिवार हाती लागेल. खरा अक्वासिदाए ४३ वर.

ओतणारा, बहुधा राजाचा प्रवक्ता ‘ओक्यामे’, पायताण काढतो. पात्र उजव्या हातात. डावा हात चालत नाही. ताडी किंवा जिन. आधी न्यामे या परमेश्वराचं नाव घेऊन पात्र वर दाखवायचं, मग भूमाता ‘असासे या’, मग देवता, शेवटी पूर्वज. प्रत्येक हाकेला थोडंच सांडायचं. सगळं एकदम ओतलं तर पुढच्यांना काय उरणार?