जुन्या वस्तूंचं वेड, पण नोकरीचं काय?

प्रश्न: ताई, मी ठाण्याची, बीए हिस्ट्री लास्ट इयर. म्युझियममध्ये काम करायचंय आणि महागिरी-चरईतली जुनी घरं पाडतात तेव्हा जीव तुटतो. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर: अगं, बँकेचा फॉर्म भरून ठेव, त्यानं काही बिघडत नाही 😄 पण आधी हे ऐक, म्युझियमचं काम म्हणजे काचेपलीकडे मिरवणं नाही, निम्मा वेळ स्टोअरमध्ये जातो, म्हणजे एखादा तांब्याचा गडू आला की हातमोजे घालायचे कारण घामानं धातू डागाळतो, मग तळाला पुसता येईल असा पारदर्शक थर देऊन त्यावर बारीक नंबर टाकायचा आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये, नंबर चुकला तर वस्तू असून हरवलेली! शिकायला बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी (म्हणजे संग्रहालयशास्त्र) विभाग आहे, 1952 पासूनचा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाकडेही चौकशी कर.

वाड्यांची दुरुस्ती मात्र आर्किटेक्टचं काम, तुझं काम नोंदीचं. 1853 साली पहिली पॅसेंजर गाडी ठाण्याला आली हे सगळे सांगतात, पण तुमच्या आळीतल्या ओटीचे खांब कुठल्या लाकडाचे ते कुणी लिहिलंय का? या रविवारी टेप आणि वही घेऊन जा, घरमालकाला विचारून. पगार सुरुवातीला बेताचाच असतो हं.