परदेशात एलएलएम केलं की तिथे वकिली करता येते का?

पुण्यातून एलएलबी झाल्यावर आंतरराष्ट्रीय कामासाठी कुठलं एलएलएम घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी काम कुठे करायचंय आणि त्यासाठी कुठली सनद लागते ते ठरवा. एलएलएम ही कायद्याची पदव्युत्तर पदवी आहे, वकिलीची सनद नव्हे.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (अशिलांना सल्ला देणारा, त्यांची कागदपत्रं करणारा वकील) व्हायला एलएलएमची गरजच नाही. 2021 पासून तिथे एसक्यूई ही सॉलिसिटर होण्याची पात्रता परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात 360 बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाची कसोटी. इतरांना लागणारी दोन वर्षांच्या अनुभवाची अट सनदधारक भारतीय वकिलाला नाही. त्यामुळे आधी इथली सनद घ्या.

न्यूयॉर्कचं गणित किचकट आहे. तिथल्या वकिली प्रवेशाच्या नियम 520.6 नुसार कॉमन लॉवर (भारतातही चालणारी, न्यायालयांच्या निवाड्यांना महत्त्व देणारी इंग्रजी कायदापद्धती) आधारलेली, पुरेशा कालावधीची पदवी असेल तर एलएलएमशिवायही बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या सनदेच्या परीक्षेला, बसता येतं. या दोहोंपैकी एका बाबतीत कमी पडलात तर एलएलएम ती उणीव भरून काढतं. म्हणून फी भरण्याआधीच तिथल्या बोर्ड ऑफ लॉ एग्झामिनर्सकडून पदवी तपासून घ्या. त्यात महिने जातात. एलएलएम लागलंच तर किमान 24 क्रेडिट्सचं हवं. त्यात व्यावसायिक नीतिमत्ता 2, संशोधन व लेखन 2, अमेरिकन कायद्याची ओळख 2 आणि बार परीक्षेच्या विषयांची 6 क्रेडिट्स असावीच लागतात. मुलं फसतात ती इथेच. मानवी हक्क, व्यापार कायदा असे आवडीचे विषय घेत जातात, पदवी हातात पडते आणि परीक्षेची पात्रता मात्र हुकते. शिवाय एलएलएमनंतरची ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करण्याची परवानगी, 12 महिन्यांचीच. जुलैच्या परीक्षेचा निकाल ऑक्टोबरच्या अखेरीस लागतो, तोवर त्यातले महिने सरत असतात. नोकरीची शोधाशोध पहिल्या सत्रातच सुरू करा.

लवादात जायचं असेल तर जिनिव्हाचा एमआयडीएस हा लवादाचा एलएलएम अभ्यासक्रम, लंडनचं क्वीन मेरी, स्टॉकहोम किंवा सिंगापूरचं एनयूएस ही विद्यापीठं बघा. इथे एलएलएमचा खरा उपयोग होतो, कारण लवादाच्या अनेक फर्म त्या शहरांत आहेत. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची ज्युडिशियल फेलोशिप, म्हणजे तिथल्या न्यायाधीशांसोबत काम करण्याची संधी, विद्यापीठाच्या नामांकनातून मिळते आणि खर्चही सहसा विद्यापीठच उचलतं. तेव्हा प्रवेशाआधीच विचारा, ‘तुम्ही नामांकन करता का?’ फ्रेंचही आतापासूनच शिका, त्या न्यायालयाच्या दोनच अधिकृत भाषा आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच.

कागदपत्रांत आपल्याकडच्या मुलांना हमखास नडतं ते नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि बऱ्याचदा आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आईचं नाव गायब. एकाच व्यक्तीची ही दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच नोटरी करून ठेवा आणि अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिहा. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत दाखला, आपल्या विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट जावं लागतं. प्रवेशाची मुदत डिसेंबरची असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी ऑगस्टमध्येच अर्ज टाका.