पिशवी रिकामी आण

प्रिय मुली,

आधी तो कवड्या, तो बिनविषारी साप. बाकीचं नंतर.

मुलुंडच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीतून काढलेला कवड्या परवापासून तुझ्या घरी बरणीत आहे, आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सोडू की आरेच्या जंगलात हे तुझं ठरत नाही. पार्कातही नाही आणि आरेतही नाही. वनखात्याच्या माणसाला आजच नोंद कळव आणि अंधार पडला की त्याच सोसायटीच्या मागच्या कुंपणाशी, दगड आणि पालापाचोळा असेल तिथे, सोडून ये. वॉचमनला सांगून जा, नाहीतर तो तुलाच चोर समजेल. घरात साप ठेवण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते तुला पाठ आहे, त्यावर मी शाई घालवत नाही.

आता, सापांच्या कॉलवर धावणारी सर्पमित्र म्हणून तू लिहिलेलं पत्रातलं दुसरं वाक्य. ‘काका, सगळे कॉल फालतूच निघतात. दिवड, कवड्या, धामण, पुन्हा दिवड.’ तुझ्या बरोबरीची मुलं नागासमोर मांडी घालून व्हिडिओ टाकतात आणि तुझ्या वाट्याला नाल्यातली दिवड येते. तिचा चावा खाऊन रक्त गळतंय आणि वरून सेक्रेटरी विचारतोय, ‘बिनविषारी होता ना, मग एवढा वेळ कशाला लावलात?’ म्हणून तुला कळेना की हे सगळं सोडून एम.एस्सी.ला बसावं की कोकणात कोणाकडे राहून नागावर हात बसवावा.

माझ्याकडे याचं उत्तर एकच आहे आणि ते तुला आवडणार नाही. कॉलवरून येताना पिशवी रिकामी आण.

साप पिशवीत भरून आणणं कोणालाही जमतं, थोडी हिंमत आणि एक हुक पुरतो. साप पाहायचा, त्याचं नाव पक्कं करायचं, घरच्यांना ते पटवायचं, त्याला जायला वाट करून द्यायची आणि रिकामी पिशवी खांद्यावर टाकून परतायचं, हे फार थोड्यांना जमतं. कारण त्यासाठी तू ज्यांना फालतू म्हणतेस ते साप अगदी घरच्यासारखे माहीत असावे लागतात. नाग ओळखायला काय लागतं? तो स्वतःच फणा काढून ओळख देतो. कुकरी, तस्कर, रुखई, नानेटी आणि धूळनागीण यांच्यात गोंधळ न होणं, खरी मेहनत तिथे आहे.

हे जवळजवळ सगळे एकाच कुळातले, कोलुब्रिडी. जगात सापांच्या साधारण चार हजार जाती, त्यातल्या जवळपास निम्म्या या एका कुळात. एवढं मोठं कुळ झालं कसं, तर बराच काळ ते घराच्या माळ्यासारखं वापरलं गेलं: अजगरात बसत नाही, नागात नाही, घोणशीत नाही, टाका वर. मग जनुकांचा अभ्यास सुरू झाला आणि माळा उपसायला घेतला. आपल्या खाडीतला, खारफुटीच्या चिखलात राहणारा पाणसाप वेगळ्या कुळात गेला. दिवडीच्या गोतावळ्याला कोणी उपकुळ म्हणतं, कोणी स्वतंत्र कुळ. शिवाय दिवडीचं शास्त्रीय नाव माझ्याच हयातीत बदललं. तुला परीक्षेत विचारतील तेव्हा नवीन लिही. नाल्यातल्या दिवडीला दोन्ही नावं सारखीच.

पण या भाऊबंदांचा पसारा बघ जरा. धामण दिवसाढवळ्या फिरते, दोन मीटरच्या वर जाते, उंदीर खाते, आणि तरी लोक म्हणतात ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. दोन नर धामणी एकमेकांना पीळ घालून उभ्या राहतात तेव्हा ती कुस्ती असते. आपल्याकडे त्यावर पांढरं कापड टाकून घरी नेतात, लक्ष्मी येते म्हणून. हरणटोळ पिल्लांना जन्म देतो, अंडी घालत नाही, त्याच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, आणि त्याच्यावर आळ काय, तर उडी मारून टाळूवर चावतो! तस्कर चिडला की मान उभी फुगवून इंग्रजी एससारखा बाक घेतो आणि बघणाऱ्याचं पाणी पाणी करतो. दिवडसुद्धा मान चपटी करते, म्हणून दर पावसाळ्यात तिचा नाग होतो आणि ती काठीखाली मरते. हा सगळा गोतावळा तुझ्या घरापासून येऊर आणि भांडुपच्या डोंगरापर्यंत पसरलाय, आणि तुला कोकणात जायचंय.

त्या मोरीत तू नक्की काय पाहिलंस ते पत्रात नाही. ‘काळपट, पांढरे पट्टे, सगळे मण्यार म्हणत होते, मलाही क्षणभर वाटलं’ एवढंच आहे. माझा जीव अडकला तो या क्षणभरात. तू घाबरलीस याबद्दल तक्रार नाही, घाबरायलाच हवं. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणत उठतो आणि त्याच्या पापण्या उघडत नाहीत. माझी तक्रार ही, की तो क्षण गेल्यावरही तू पक्कं काहीच केलं नाहीस, सरळ बरणी लावलीस.

तिसरा मजला हाही पुरावा असतो, पण कच्चा. कवड्या पाइपावरून, खडबडीत भिंतीवरून पालीच्या मागे सहज चढतो. मण्यार सहसा चढत नाही, पण ‘सहसा’वर कोणी मोरीत हात घालू नये. पट्टे कुठून सुरू होतात ते बघ. कवड्याला मानेपाशीच पांढरट-पिवळट कॉलर असते, पट्टे पुढच्या अंगावर ठसठशीत आणि शेपटीकडे विरत गेलेले. मोठ्या मण्यारीचं उलट: मानेमागे बराच भाग काळा कोरा किंवा नुसते ठिपके, मग बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे स्पष्ट होत जाणारे. पिल्लांना हा नियम लावू नकोस, फसशील. मग पाठ बघ. मण्यारीच्या पाठीच्या अगदी मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. कवड्याच्या पाठीवर अशी वेगळी रांग नाही. आणि मग लांबूनच फोटो काढून तो मोठा कर: नाकपुडीचा खवला आणि डोळ्याच्या पुढचा खवला यांच्यामध्ये आणखी एक खवला आहे का? कवड्याला असतो. मण्यारीला नसतो, नागालाही नसतो. शेपटीखालचे खवले मण्यारीत अखंड, कवड्यात दुभंगलेले, पण ते बघायला साप उलटा करावा लागतो, आणि ज्याचं नाव पक्कं नाही तो साप उलटा करायचा नसतो. तुझी बरणी काचेची असेल तर आज सोडण्याआधी खालून बघून घे. एवढा एक फायदा होऊ दे त्या बिचाऱ्याच्या कैदेचा.

नाव पक्कं झालं की पिशवी रिकामी. मण्यार, घोणस, फुरसं किंवा नाग माणसांच्या वावरात निघाला तर काढावाच लागतो, तिथे मी वाद घालत नाही. नाव पक्कं झालंच नाही तर त्याला विषारी धरायचं. बाकी सगळ्यांना दार उघडून द्यायचं, मोरीची जाळी बसवायला सांगायचं आणि निघायचं.

आता बिनविषारी म्हटलं की पोरं साप गळ्यात घालतात, त्याबद्दल. या कुळात ‘बहुतेक’ निरुपद्रवी आहेत, सगळे नाहीत. १९५७ साली शिकागोत कार्ल श्मिट यांना बूमस्लँग चावला. आफ्रिकेतला साप, याच कुळातला, विषाचे दात तोंडात मागे. पिल्लूच होतं. श्मिट आपली लक्षणं वहीत टिपत राहिले, उपचार घेतले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी गेले. १९७५ साली जर्मनीत रॉबर्ट मेर्टेन्स गेले ते याच कुळातल्या, वाळक्या डहाळीसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी सापाच्या चाव्याने. दोघेही त्यांच्या काळातले अव्वल जाणकार. आपला मांजऱ्या आणि हरणटोळ हेही मागच्या दातांचे, निमविषारी. त्यांच्यापासून माणसाला धोका जवळजवळ नाही, मान्य. गवत्या तर गरिबातला गरीब, भेक खाऊन जगणारा. पण त्याला आता ज्या वंशात टाकलंय त्याच वंशातल्या जपानी सापाने माणसं मारली आहेत, आणि तिकडे त्याचं वेगळं अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, बनवावं लागलं. आपल्या दवाखान्यातलं, मग ते हाफकिनचं असो की आणखी कोणाचं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीच असतं. तेव्हा पिशवी रिकामी आणि हातही रिकामे. गळ्यात साप घातलेला तुझा फोटो माझ्यापर्यंत आला तर हा पत्रव्यवहार बंद.

‘पण काका, पार्कात सोडला तर जगेल ना?’ कशावरून? नॅशनल पार्क सगळं मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटर. वर्षानुवर्षं अख्ख्या मुंबई-ठाण्याचे पकडलेले साप तिथे ओतले जातात, जणू जंगल मोकळं पडलंय. तिथे आधीच साप आहेत. आणि तुझ्या कवड्याला सोसायटीतली प्रत्येक फट माहीत आहे, कुठल्या दिव्याखाली पाली जमतात ते माहीत आहे. पार्कात त्याला काहीच माहीत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रॅटलस्नेक सापांना माग काढणारा रेडिओ लावून हे तपासलंय: उचलून दुसरीकडे सोडलेले साप जास्त भटकले आणि जास्त मेले. साप उपरा झाला की कधी साप मरतो, कधी तिथले मूळ रहिवासी. कवड्याचाच एक भाऊबंद १९८०च्या दशकात मालासोबत हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पोचला. तिथल्या मूळच्या पाली आणि सापसुरळ्या जवळजवळ संपल्या, त्यात त्याचा मोठा हात मानतात. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर मांजऱ्याच्या एका भाईबंदाने जंगलातल्या पक्ष्यांचा आवाजच बंद केला. तिथेही साप आपणहून गेला नव्हता, माणसांच्या सामानातून गेला. मुलुंड ते बोरिवली म्हणजे ग्वाम नव्हे, हे तू म्हणशील. म्हण.

या हट्टापायी मी काय काय ऐकलंय ते तुला कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. ‘साप न नेता जाणारा सर्पमित्र’ म्हणून मला ग्रुपवरून काढलं. डोंगराच्या पायथ्याच्या एका सोसायटीत पार्किंगमध्ये भली मोठी धामण होती. मी कमिटीला कचऱ्याची खोली दाखवली, उंदरांची बिळं दाखवली, म्हटलं ही तुमच्याकडे फुकट नोकरीला आहे. मान डोलावली सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला बोलावलं, त्याने धामण उचलली, मुलांसोबत फोटो काढले, टाळ्या घेतल्या. पुढे तिथल्या उंदरांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, तेवढंच सुख मिळालं असतं.

आणि माझ्या बरोबरीचा एक जण, ज्याच्यासोबत मी आरे पालथं घातलं, त्याला बोटावर घोणस चावली. दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी बसून मी त्याला हेच सगळं ऐकवलं. बोट गेलं. आता तो माझा फोन उचलत नाही. सगळे म्हणतात, ती वेळ होती का? नसेल. मुद्दा तोच होता.

एम.एस्सी. कर. पण कॉल सोडू नकोस, आणि ‘फालतू’ सापांवरच काम घे. अंडीखाऊ सापाला शास्त्रीय नाव मिळालं १८६३ साली. मग तो दशकानुदशकं कोणाला दिसेना, संपला असंच धरून चालले होते. या शतकाच्या सुरुवातीला सापडला कुठे, तर आपल्या वर्ध्यात. मणक्याचे काटे घशात उतरलेले असतात, त्यांनी तो अंडं फोडतो. मांजऱ्याच्या वंशातलाच. २०१९ मध्ये कोयनेच्या बाजूला याच वंशातली एक नवीच जात नोंदली गेली. ती बेडकांची अंडी खाते. विचार कर, रात्री ओढ्याकाठच्या पानावर चिकटलेली बेडकाची अंडी खाणारा साप इतकी वर्षं आपल्या नाकासमोर होता, आणि आपण नागाभोवती गर्दी करून उभे होतो. अशी माणसं लागतात, जी नाल्याकाठी दिवडीकडे तासभर बघत बसू शकतात. तू बसू शकतेस. त्या रात्री दिवडीने बेडूक मागच्या पायाकडून धरला आणि गिळेपर्यंत किती वेळ लावला ते तू मला फोनवर सांगत होतीस, तेव्हा तुला जेवायची शुद्ध नव्हती. आणि आता म्हणे फालतू!

शेवटचं. साप धरायचा चिमटा कोणता घेऊ असं विचारलंयस, तोही परदेशी, महागातला. घेऊ नकोस. चिमट्याने घाईत फासळ्या मोडतात आणि मोडलेल्या फासळ्या बाहेरून दिसत नाहीत. हुक आहे तो पुरे. त्या पैशांत चांगली टॉर्च घे, प्रकाश कमीजास्त करता येणारी, कारण झगझगीत उजेडात कवड्याचे पट्टे आणि मण्यारीचे पट्टे दोन्ही पांढरेच दिसतात. लोहार चाळीत बऱ्या मिळतात. भाव करताना तोंड बंद ठेव आणि मित्राला पुढे कर, तुला भाव करता येत नाही.

तुझा,
काका